चामड्याची मौल्यवान वस्तू : कारागीर आणि गिऱ्हाईक

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे चामड्याच्या वस्तूंचा विषय छापलेला पाहून काही वडीलधाऱ्या मंडळींस नवल वाटले, असे आमच्या कानी आले आहे. शिष्यवृत्त्या, वधूवर, वसतिगृह हे नेहमीचे विषय सोडून हे काय मध्येच, असा त्यांचा प्रश्न. उत्तर साधे आहे. आपल्या समाजाचा पिढीजात धंदा चामड्याचा नव्हे. या व्यवहारात आपण गिऱ्हाइकाच्या बाजूस उभे आहोत. आणि गिऱ्हाईक या नात्याने आपण हल्ली या वस्तूंवर किती रक्कम खर्चू लागलो आहोत, हे ज्याने त्याने आपल्या घरच्या लग्नाची यादी काढून पाहावे. सुनेसाठी परदेशी नावाची हातपिशवी, जावयासाठी पट्टा आणि पाकीट, विहिणीसाठी पर्स. एकेका पिशवीची किंमत लाखाच्या घरात गेलेली आम्ही पाहिली आहे.

सोने घेताना आपण शिक्का पाहतो, वजन पाहतो. पैठणी घेताना आपल्या घरातील स्त्रिया पदर उलटून पाहतात. कारण हातमागाच्या अस्सल पदराची उलट बाजूही सुलट बाजूसारखीच स्वच्छ असते, हे त्यांस आईकडून, आजीकडून कळलेले असते. परंतु चामड्याच्या वस्तूपुढे उभे राहिलो की हीच चोखंदळ माणसे नाव वाचतात आणि पैसे मोजतात. चामड्याचा पदर कसा उलटावा, हे आपणांस कोणी शिकविलेलेच नाही. आजचा विषय तेवढाच आहे.

प्रथम मालाविषयी. जनावराचे कातडे जसेच्या तसे ठेवले तर ते कुजते. म्हणून ते कमवावे लागते. कमावण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिली झाडपाल्याची : बाभळीची साल, हिरडा, युरोपात चेस्टनटचे लाकूड, यांतील तुरट अर्कात कातडे कित्येक आठवडे मुरते. दुसरी क्रोमियमच्या क्षारांची; ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाली आणि तिच्यात काम एखाद्या दिवसात उरकते. आज जगातील बहुतांश चामडे दुसऱ्या रीतीने कमावले जाते. त्यात फसवणूक काही नाही. ते मऊ असते, पाण्याला बरे टिकते, रंग चांगला धरते. मात्र झाडपाल्याच्या रीतीने कमावलेले चामडे वापराबरोबर गडद होते, त्यावर मालकाच्या हाताचा ठसा बसतो. आपण कोणते घेत आहोत हे दुकानदारास विचारावे, आणि त्यास सांगता येत नसेल तर इतकी किंमत तो कशाची मागतो, हेही विचारावे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे थर. जाड कातडे यंत्राने आडवे चिरून त्याचे दोन-तीन थर करतात. वरचा, केसांच्या बाजूचा थर सर्वांत मजबूत, कारण त्यातील तंतू दाट विणलेले असतात. खालचा थर दुबळा. त्यावर रंगाचा लेप देऊन, वर दाणे उमटवून तो वरच्यासारखा दिसेल असा करतात. त्याच्याही खाली चामड्याचा भुगा डिंकात कालवून केलेला पत्रा येतो. तो दोन पावसाळ्यांत सोलू लागतो. लोक पाहतात ती ‘जेन्युइन लेदर’ ही सोनेरी अक्षरे. त्या अक्षरांनी वस्तू चामड्याची आहे एवढे कळते, कोणत्या थराची आहे हे कळत नाही. वस्तूचा काठ पाहावा, आतली बाजू पाहावी. वरच्या थरावर बारीक सुरकुती, किड्याच्या चाव्याची खूण असे काहीतरी असतेच. ते जनावराचे अंग होते. जिथे एकही डाग नाही, तिथे बहुधा लेप जाड आहे.

येथे एक गंमत सांगावीशी वाटते. लुई व्हितोंच्या ज्या तपकिरी, अक्षरे गुंफलेल्या पिशव्या आपल्याकडे श्रीमंतीची खूण समजल्या जातात, त्यांचा मुख्य भाग चामड्याचा नसतोच. १८९६ साली निघालेले ते नक्षीचे कापड. आजच्या पिशव्यांत ते लेप दिलेले किरमिच असते. कातडे असते ते मुठीला व कडेला. त्या पेढीने हे कधी लपविलेले नाही, आणि ते किरमिच टिकाऊही आहे. पण कित्येक मालकिणींस हे ठाऊक नसते. मग त्या मुठीचे फिके, लेप न दिलेले चामडे घामाने काळवंडले, त्यावर पावसाचा थेंब डाग पाडून गेला, की त्या दुकानात तक्रार घेऊन जातात. तो दोष नव्हे, त्या चामड्याचा तो धर्मच आहे. विकतेवेळी हे समजावून सांगणे मात्र दुकानाचे काम होते, आणि काचेच्या दाराशी सलाम करणाऱ्या दुकानांतही ते नेहमी होते असे नाही. थंड पाणी आणि कॉफी विचारणे म्हणजे सेवा, अशी समजूत करून घेण्यात विकणाराही सुखी आणि घेणाराही सुखी!

आता टाक्याकडे येऊ. पॅरिस शहरात १८३७ साली तिएरी एर्मेस या गृहस्थाने घोड्यांचे साज करण्याचा कारखाना काढला. त्यातूनच आजची एर्मेस ही पेढी झाली, आणि तिच्या पिशव्या आजही खोगिराच्या टाक्याने शिवल्या जातात. एकाच मेण लावलेल्या तागाच्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीने भोक पाडावयाचे आणि त्याच भोकातून दोन्ही सुया उलटसुलट बाजूंनी ओढून घ्यावयाच्या. शिवणयंत्राच्या टाक्यात वरचा दोरा खालच्या दोऱ्यात अडकलेला असतो. एक तुटला की शिवण उसवत जाते. खोगिराचा टाका एके ठिकाणी झिजून तुटला तरी दोऱ्याचा दुसरा पदर त्या जागेला धरून राहतो. घोडा उधळलेला असताना लगाम उसवून चालत नाही. ही रीत तेथून आली, शोभेसाठी नव्हे. अशी एक पिशवी प्रायः एकच कारागीर आरंभापासून शेवटापर्यंत करतो आणि आत आपली खूण उमटवितो.

ही खूण का, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वस्तू दुरुस्तीला परत आली तर ती कोणाच्या हातची, हे त्या खुणेवरून कळते. म्हणजे करणारा हात वस्तू विकली गेल्यावरही तिला बांधलेला राहतो. आमच्या मते महागड्या चामडी वस्तूची सारी किंमत याच एका गोष्टीत आहे. ती उघडता येईल, टाका काढून पुन्हा घालता येईल, पट्टा बदलता येईल अशी केलेली आहे काय. आणि ती परत घेऊन आपल्या हाताने नीट करून देण्यास कोणी बांधील आहे काय? दोन्ही प्रश्नांना होकार असेल तर किंमत जास्त असूनही सौदा वाजवी असू शकतो. डिंकाने चिकटवून, आत पुठ्ठा घालून केलेली पिशवी कितीही झळाळली तरी ती दुरुस्त करावयाची नसते, टाकून द्यावयाची असते. मग तिच्यावर नाव कोणाचेही असो.

नाव आणि हात यांत किती अंतर पडू शकते, याचा दाखला इटलीतच मिळाला. २०२४ साली मिलानच्या न्यायालयाने डिओर या पेढीच्या तेथील एका उत्पादक कंपनीवर न्यायालयीन देखरेख नेमली. बाहेरच्या ठेकेदारांच्या कारखान्यांत मजुरांची पिळवणूक होत असता तिने पुरेशी नजर ठेवली नाही, असा ठपका होता. त्या चौकशीत असे पुढे आले की दुकानात सुमारे २,६०० युरोंना विकली जाणारी एक पिशवी जुळवून देण्याबद्दल ठेकेदारास ५३ युरो मिळत होते. कातड्याची किंमत त्यात धरलेली नव्हती, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे. पुढे २०२५ च्या आरंभी ती देखरेख उठली. तथापि ५३ आणि २,६०० हे दोन आकडे ऐकल्यावर, अधिक पैसे मोजले म्हणजे ते कारागिरापर्यंत पोहोचतातच, असे कोणास म्हणवेल?

या कसोट्या लावून पाहण्यासाठी पॅरिसला किंवा मिलानला जाण्याचे कारण नाही. कोल्हापुरी पायताण घ्या. बाभळीच्या सालीत व हिरड्यात कमावलेले कातडे. म्हशीच्या जाड कातड्याचा तळ. अस्सल जोडात खिळा नाही, चामड्याच्याच वादीने शिवण. कापशी, बक्कलनाळी, पुकारी असे त्याचे घाट. तळ कापणारा वेगळा, आणि पट्ट्यावरच्या बारीक वेण्या बहुधा घरातल्या बायकांच्या हातच्या. राजर्षी शाहू छत्रपतींनी या धंद्यास उत्तेजन दिले. २०१९ साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांचा तो हक्क. तळ उसवला तर तोच कारागीर वादी काढून पुन्हा शिवून देतो. वर सांगितलेल्या दोन्ही प्रश्नांना येथे होकार आहे.

मग जून २०२५ मध्ये काय झाले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. प्राडा या इटालियन पेढीने मिलानच्या प्रदर्शनात हुबेहूब त्याच घाटाचे जोड मांडले आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. गहजब उडाल्यावर प्रेरणा भारतीय पादत्राणांची आहे हे तिने मान्य केले, तिची माणसे कोल्हापुरास येऊन गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन येथे २,००० जोड करून घेण्याचे व ते सुमारे ८०० युरोंना विकण्याचे जाहीर झाले. आपल्याकडे पुष्कळांस याचा अभिमान वाटला. आम्हांसही वाटला, पण त्याबरोबर एक प्रश्न मनात आला, तो येथे विचारतो. त्या परदेशी दुकानात उभे राहून आपल्यापैकी कोणी ‘थोडे कमी करा’ म्हणेल काय? आणि कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत तोच जोड हातात घेऊन, दोन-तीन दिवस खपलेल्या कारागिरासमोर आपण शंभर रुपयांसाठी अर्धा तास घालवितो. ज्याचा हात दिसतो त्याच्याशी घासाघीस आणि ज्याचे केवळ नाव दिसते त्याच्यापुढे मान तुकविणे, हा व्यवहार कोणत्या हिशेबाने चोख ठरतो? ज्या कारागिराला गावाने शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले आणि ज्याच्या हातचे जोड गावभर मिरवले, त्याच्याबाबत तर हा प्रश्न अधिकच टोचणारा आहे. उपस्थितांपैकी काहींस हे बोलणे रुचले नसेल. असो.

घासाघीस न करणे म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे. कोल्हापुरी म्हणून रेक्झिनचा, खिळे ठोकलेला मालही सर्रास विकला जातो. तळ उलटून पाहावा, खिळा आहे का पाहावा, नाकाशी धरावा. डिंकाचा वास आणि कमावलेल्या कातड्याचा वास निराळा. महाराष्ट्राच्या महामंडळाने आता क्यूआर संकेताची सोय केली आहे, ती मागावी. आणि सौदा ठरला की किंमत पुरी द्यावी.

हक्काविषयी थोडक्यात. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा जुना गेला आणि २०१९ चा नवा जुलै २०२० पासून अमलात आला. त्याप्रमाणे पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील. तेव्हा ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालास लागू होत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. परंतु तंट्याची वेळ येऊ नये यासाठी घेतानाच पावतीवर तीन गोष्टी लिहवून घ्याव्या : चामडे कोणते, दुरुस्ती कोठे होईल, आणि तिला किती दिवस लागतील. परदेशातून आणलेल्या वस्तूची दुरुस्ती येथले दुकान करील की नाही, हे तेथेच विचारावे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने हौसेने आणलेल्या पिशवीची मूठ चौथ्या महिन्यात सुटली. येथल्या दुकानाने ती परदेशी पाठवावी लागेल असे सांगितले, आणि मुलीचे वर्षसण झाले तरी पिशवी आलेली नव्हती.

शिवण उसवणे, मूठ सुटणे, काठाचा रंग तडकून पडणे, चेन अडकणे हे दोष होत. त्यांबद्दल हक्काने भांडावे. ओरखडा, काळवंडणे, पावसात भिजल्याने आलेला ताठरपणा यांबद्दल दुकानदाराशी भांडू नये. भिजलेले चामडे उन्हात किंवा चुलीजवळ न ठेवता सावलीत वाळवावे, आत रद्दी कागद भरावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. वाळल्यावर तेलाचा हलका हात फिरवावा.

सभागृहाच्या मागील मेजावर आम्ही चार वस्तू मांडून ठेविल्या आहेत : दोन पाकिटे, एक पट्टा आणि कापशी पायताणाचा एक जोड. नावाच्या चिठ्ठ्या मुद्दाम काढून टाकल्या आहेत. एका पाकिटाची शिवण हाताची आहे आणि दुसऱ्याची यंत्राची. पट्ट्याचा काठ पाहिला तर थर मोजता येतात. चहापानाच्या वेळी सर्वांनी त्या हाताळून पाहाव्या, उलटसुलट करून पाहाव्या. गर्दी होईल, म्हणून भगिनींना आधी जाऊ द्यावे, ही विनंती.