तीन पुस्तकं आणि एक वही

या पावसाळ्यात तीन पुस्तकं वाचली. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ सगळ्यात आवडलं. अमेरिकेत गुलामीत जन्मलेला हा माणूस शिकला आणि कापसानं खंगलेल्या जमिनीत भुईमूग घ्या, असं शेतकऱ्यांना सांगत राहिला. कापूस लावणाऱ्या घरांत हे वाचायलाच हवं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ लहानशी कादंबरी. पण दुष्काळानं गाव उठतं, तिथं जीव कासावीस होतो. बायकांचं मन मात्र तीत थोडंच दिसतं. तिसरी बहिणाबाईंची गाणी. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी, ती टिपून ठेवली, म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. तेही त्यांच्या माघारी. आपल्या गटातल्या आजींच्या ओव्या कोण टिपणार? पुढच्या बैठकीला हिशेबाच्या वहीसोबत एक कोरी वही न्या.