कामातून काय हवे?
(तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात केलेले भाषण)



माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांच्या व्यवसायमार्गदर्शनाचा विषय प्राथमिक शिक्षकांपुढे कशासाठी, अशी शंका आपणांस येणे स्वाभाविक आहे. परंतु दहावीचा निकाल लागला म्हणजे खेड्यातील पालक सल्ल्यासाठी पुष्कळदा आपल्याकडेच येतो. "गुरुजी, पोराला आता कुठं घालू?" हा त्याचा प्रश्न. मार्गदर्शनाचा आरंभ प्राथमिक शाळेच्या अगदी खालच्या वर्गापासून व्हावा, असे कोठारी आयोगानेही (१९६४–६६) सांगितले होते.

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी मुलाविषयी तीन गोष्टी जाणून घ्याव्या लागतात. त्याला काय जमते, ही त्याची क्षमता. त्याला काय आवडते, ही त्याची अभिरुची. आणि कामातून त्याला काय मिळावेसे वाटते, हे त्याचे कार्यमूल्य. महाराष्ट्रात २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कलचाचणी सुरू झाली, ती मुख्यतः दुसऱ्या गोष्टीचा शोध घेण्यासाठी. तिसऱ्या गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

एक उदाहरण घेऊ. दोन मुलांना झाडाझुडपांची सारखीच आवड आहे. एकाला कोणाचा हुकूम सोसवत नाही. दुसऱ्याला महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार हवा. पहिला स्वतःची रोपवाटिका काढील, दुसरा शेतकी खात्यात नोकरी शोधील. अभिरुची एकच असूनही वाटा निराळ्या झाल्या, त्या मूल्यांमुळे.

ही मूल्ये मोजता येतात काय? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड सुपर यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या मूल्यसूचीत पंधरा कार्यमूल्ये आहेत. परोपकार, नवनिर्मिती, स्वातंत्र्य, प्रतिष्ठा, अर्थप्राप्ती, सुरक्षितता, सहकाऱ्यांचा सहवास ही त्यांपैकी काही. प्रत्येक मूल्यासाठी तीन, अशी एकूण पंचेचाळीस विधाने असून प्रत्येक विधान आपल्याला कितपत महत्त्वाचे वाटते, हे विद्यार्थ्याने पाच पायऱ्यांपैकी एक निवडून सांगावयाचे असते.

या पद्धतीत एक अडचण येते. आज्ञाधारक मूल सर्वच विधानांपुढे 'फार महत्त्वाचे' अशी खूण करून मोकळे होते. समाजसेवेला 'बिनमहत्त्वाची' म्हणण्याचे धैर्य कोणाला होणार? म्हणून त्याला निवड करावयास लावणे बरे. दहा चिठ्ठ्यांवर दहा मूल्ये सोप्या वाक्यांत लिहावीत: 'माझ्या कामाचा दुसऱ्याला उपयोग व्हावा', 'मला घरापासून दूर जावे लागू नये', इत्यादी. मुलाने त्या महत्त्वाच्या क्रमाने लावाव्यात. तीन-चार आठवड्यांनी हाच प्रयोग पुन्हा करावा. क्रम फारच बदलला तर पहिल्या उत्तरावर भिस्त ठेवू नये. या क्रमावरून एका मुलाची दुसऱ्याशी तुलना मात्र करू नये. दोघांनी 'पैसा' तिसऱ्या क्रमांकावर ठेवला, तरी दोघांची पैशाची ओढ सारखी आहे असे ठरत नाही.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. नववीतील एका हुशार मुलीने 'सुरक्षितता' ही चिठ्ठी सर्वांत वर ठेवली होती. हिला कायमची, पेन्शनीची नोकरी हवी, असा अर्थ मी लावला आणि तसा सल्ला तिच्या वडिलांना दिला. पुढे सहज बोलताना मी तिला विचारले, "सुरक्षितता म्हणजे काय ग?" ती म्हणाली, "सर, शेवटची एस.टी. चुकली की अंधारात चार किलोमीटर चालावं लागतं. तसं नको." मी ज्याला तिचे मूल्य समजलो, ती तिची रोजची अडचण होती. तिला नोकरीच्या सल्ल्याची नव्हे, तर वसतिगृहाच्या माहितीची गरज होती. ती माहिती मी मिळवून दिली. पण तिला विचारण्याआधीच सल्ला देऊन बसलो होतो, ही खंत आजही आहे.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. वर ठेवलेल्या तीन चिठ्ठ्यांविषयी प्रत्येक मुलाला दोन प्रश्न विचारावयाचे: "याचा अर्थ तुझ्या शब्दांत सांग" आणि "हे तुझ्या मनातले की घरच्यांच्या?" घरच्यांचे असले म्हणून ते खोटे ठरत नाही, कर्ज फेडण्याची इच्छा हेही मूल्यच आहे. पण ते कोणाचे, हे मुलाला कळलेले बरे.

प्राथमिक शाळेत चाचणी घेण्याची आवश्यकता नाही. डोळे उघडे ठेवले म्हणजे पुरे. वर्गातील कामे वाटताना कोण पुढारपण मागतो, कोण एकटा बागेत रमतो, कोण खिचडी वाढावयास धावतो, हे वहीत तारखेसह लिहून ठेवावे. 'याने अमुक व्हावे' असे मात्र लिहू नये. दहा वर्षांच्या मुलाची मूल्ये अजून घडत असतात, आणि त्यांत आपलाही हात असतो.

पुन्हा कोणी पालक "पोराला कुठं घालू?" असे विचारीत आला, तर त्याला बसवून घ्या आणि पोरालाही बोलावून घ्या. प्रथम पोराला बोलू द्या. एवढेच सांगून आपली रजा घेतो.