फाइल हलवताना काय हलू नये



 संमेलनाच्या अध्यक्षाने येत्या काळाबद्दल बोलावे, नव्या तंत्राची दिशा सांगावी, अशी रीत आहे. आज मी मात्र एका झालेल्या कामाबद्दल बोलणार आहे. त्या कामातून एकही नवी सोय निर्माण झाली नाही. ते संपल्यावर जगभरचे संगणक आदल्या दिवशी चालत होते तसेच चालत राहिले, आणि हेच त्याचे यश होते. हे काम म्हणजे लिनक्स कर्नलमधल्या इथरनेट ड्रायव्हरांच्या सोर्स कोडची २०११ साली झालेली फेरमांडणी.

नेटवर्क कार्ड आणि कर्नल यांच्यामध्ये ड्रायव्हर उभा असतो. प्रत्येक चिपचे रजिस्टर वेगळे, पाकीट पाठवण्याची आणि घेण्याची तऱ्हा वेगळी; ती सगळी तऱ्हा ड्रायव्हरला ठाऊक असावी लागते. १९९० च्या दशकात नासाच्या गॉडर्ड केंद्राशी संबंधित असलेल्या डोनाल्ड बेकर यांनी लिनक्ससाठी एकामागून एक इथरनेट ड्रायव्हर लिहिले. साध्या संगणकांच्या जुळणीतून त्यांनी आणि थॉमस स्टर्लिंग यांनी १९९४ मध्ये बेओवुल्फ हा संगणकसमूह उभा केला, त्यालाही याच कामाचा आधार होता. पुढे कंपन्यांनी आपापले ड्रायव्हर आणून दिले. हे सगळे एकाच डिरेक्टरीत येत गेले, तिचे नाव ‘ड्रायव्हर्स/नेट’.

२०११ पर्यंत या डिरेक्टरीत काय काय होते ते पाहा. थ्रीकॉमची जुनी कार्डे, रिअलटेकची घरोघरी दिसणारी स्वस्त कार्डे, ब्रॉडकॉमचा टीजी३, एनव्हिडियाचा फोर्सडेथ, मार्व्हेलचा स्काय२ हे सगळे एकेका सुट्या फाइलीत, शेजारी शेजारी. इंटेलच्या नव्या ड्रायव्हरांना मात्र स्वतंत्र डिरेक्टऱ्या, ई१०० सुटा. त्यांच्याच रांगेत लूपबॅक, टन, व्हेथ यांसारखी निव्वळ सॉफ्टवेअरची उपकरणे. आणि फोनलाइनवरून जोडणी करणारे पीपीपी आणि स्लिपही तिथेच. नवा माणूस यादी उघडायचा आणि कोणती फाइल कोणाची नातेवाईक, हे त्याला नावावरून कळायचे नाही.

इंटेलमधले अभियंते जेफ कर्शर यांनी हे काम अंगावर घेतले. ‘ड्रायव्हर्स/नेट’च्या आत ‘इथरनेट’ ही नवी डिरेक्टरी झाली आणि तिच्यात उत्पादकागणिक एकेक घर तयार झाले. पीपीपी आणि स्लिप यांना वेगळी जागा मिळाली. लूपबॅक आणि टन जिथे होते तिथेच राहिले, कारण त्यांना उत्पादक नाही. नेटवर्किंगचे मेंटेनर डेव्हिड मिलर यांनी हे बदल स्वीकारले, आणि ४ जानेवारी २०१२ रोजी निघालेल्या लिनक्स ३.२ मधून ते सर्वांपर्यंत पोचले.

ऐकायला हे कपाट आवरण्यासारखे वाटेल. पण मित्रहो, जे कपाट असंख्य माणसे त्याच क्षणी वापरत आहेत ते आवरायचे असेल, तर कोणाचे काय अडेल याचा आधी विचार करावा लागतो. मला इथे तीन कर्तव्ये दिसतात: वापरणाऱ्याशी, सहकाऱ्याशी आणि मागून येणाऱ्याशी.

पहिले कर्तव्य वापरणाऱ्याशी. कर्नल स्वतः कंपाइल करणाऱ्याकडे त्याची कॉन्फिग फाइल असते. कोणते ड्रायव्हर हवेत याच्या उत्तरांची ती वही. फेरमांडणीत प्रत्येक उत्पादकासाठी एक नवा प्रश्न आला: इंटेलची उपकरणे दाखवायची का, रिअलटेकची दाखवायची का? या प्रश्नाच्या उत्तराने कोणताही ड्रायव्हर थेट कंपाइल होत नाही. ‘नाही’ म्हटले की त्या उत्पादकाचे पुढचे सगळे प्रश्न गाळले जातात, एवढेच. आता समजा, या नव्या प्रश्नाचे आपसूक उत्तर ‘नाही’ ठेवले असते. जुनी वही घेऊन आलेला माणूस एंटर दाबत पुढे गेला असता, इंटेलचा ई१०००ई हा ड्रायव्हर गुपचूप गळला असता आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर नेटवर्कच नसते. सर्व्हर दुसऱ्या शहरात असेल तर तो दुरुस्त करायलाही पोचता येत नाही. म्हणून या प्रश्नांचे आपसूक उत्तर ‘हो’ आहे. एका अक्षराचा हा निर्णय आहे, पण त्यात अनोळखी माणसाची काळजी आहे.

मॉड्यूलांची नावेही बदलली नाहीत. फाइलीचा पत्ता लांबला, तरी ‘मॉडप्रोब ई१०००ई’ म्हटले की पूर्वीचाच ड्रायव्हर चढतो, कारण मॉड्यूल शोधले जाते ते नावाने, आणि नावावरून पत्ता सांगणारी यादी दर वेळी नव्याने बनते. ज्यांनी स्क्रिप्टमध्ये पूर्ण पत्ता लिहून ठेवला होता, त्यांना तो बदलावा लागला. त्यातून आपणही धडा घ्यावा: नाव हे वचन असते, पत्ता नसतो.

दुसरे कर्तव्य सहकाऱ्याशी. कर्नलमध्ये काम कधी थांबत नाही. ज्या फाइली हलवायच्या, त्यांच्यावर त्याच आठवड्यात कोणीतरी बग काढत असतो. सगळे एकदम उचलले असते, तर प्रत्येकाचा पॅच जुन्या पत्त्यावर जाऊन परत आला असता. म्हणून हे काम उत्पादकागणिक वेगवेगळ्या पॅचांत झाले: ब्रॉडकॉमचा एक, रिअलटेकचा एक, ट्युलिप कुळातल्या ड्रायव्हरांचा एक. शिवाय कर्नलचा दंडकच आहे की प्रत्येक टप्प्यावर कोड कंपाइल झाला पाहिजे. तसे नसेल, तर पुढे बग कुठे शिरला हे इतिहास अर्धा-अर्धा कापत शोधणाऱ्याची वाट मध्येच बंद होते. मेंटेनरांच्या फाइलीत कोणता मार्ग कोणाच्या जबाबदारीत, हे लिहिलेले असते आणि पॅच कोणाला पाठवायचा ते स्क्रिप्ट त्यावरूनच सांगते. फाइल हलली आणि ही नोंद तशीच राहिली, तर पुढचा पॅच योग्य माणसापर्यंत जाणारच नाही. म्हणून तीही दुरुस्त करावी लागते.

तिसरे कर्तव्य मागून येणाऱ्याशी, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. कर्नलच्या कोडचा इतिहास सांभाळणारे गिट फाइलीचे स्थलांतर वेगळे नोंदवत नाही. इथली फाइल गेली, तिथे एक आली आणि दोन्हींचा मजकूर पुरेसा सारखा आहे, यावरून ते नाते ओळखते. मजकूर शंभर टक्के तोच असेल, तर पॅचमध्ये एकही ओळ दिसत नाही. जुना मार्ग, नवा मार्ग आणि साम्य शंभर टक्के, एवढेच दिसते. तपासणाऱ्याला एका नजरेत खात्री पटते. पण हलवता हलवता कोणी मोकळ्या जागा नीट केल्या, दोन फंक्शने सुधारली, चार नावे बदलली, तर साम्य उतरते. ते ठरलेल्या मर्यादेखाली गेले की गिटच्या दृष्टीने ती नवीच फाइल होते, आणि ही ओळ कोणी, कधी, का लिहिली हा धागा तुटतो. म्हणून नियम असा: हलवायचे तेव्हा फक्त हलवायचे; सुधारायचे ते नंतर, वेगळ्या पॅचमध्ये.

आपल्याकडे जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. ज्याच्या कागदात जुन्या नंबराची नव्याशी जुळणी नीट नोंदलेली, त्याला फेरफार वाचून आजोबांच्या खरेदीखतापर्यंत जाता येते. ज्याची नाही, तो तहसील कचेरीत हेलपाटे घालतो. कोडचेही तसेच आहे. २.६.३२ हा दीर्घकाळ सांभाळलेला कर्नल २०१६ पर्यंत चालू होता आणि त्यात जुनीच मांडणी होती. नव्या घरात झालेली दुरुस्ती त्याला द्यायची, तर दर वेळी जुन्या पत्त्यावर बसवावी लागे. स्थलांतर स्वच्छ झाले होते, म्हणूनच ते शक्य होत राहिले.

आता नावांबद्दल. वर्गवारी उत्पादकावरून केली, पण डोळे मिटून नाही. ‘८३९०’ हे घर कंपनीचे नाही, चिपचे आहे. नॅशनल सेमिकंडक्टरच्या या चिपवर कितीतरी कंपन्यांनी एनई२००० धर्तीची कार्डे काढली आणि त्यांचे ड्रायव्हर एकच सामायिक कोड वापरतात. कंपनीवरून वाटणी केली असती, तर एकाच कुळाची ताटातूट झाली असती. सन ही कंपनी ओरॅकलने २०१० मध्येच घेतली होती, तरी घराला नाव दिले ‘सन’. डेक ही कंपनी तर १९९८ मध्ये कॉम्पॅकमध्ये विलीन झाली, तरी ट्युलिप ‘डेक’च्याच घरात आहे. पुढे फ्रीस्केल एनएक्सपीकडे गेली, मेलानॉक्स एनव्हिडियाकडे गेली. डिरेक्टऱ्या आपल्या जागी आहेत. कंपनीचा मालक बदलतो, चिपचे मूळ बदलत नाही. म्हणून मूळ पत्त्यात लिहावे आणि आजची जबाबदारी मेंटेनरांच्या फाइलीत लिहावी. जे स्थिर आहे आणि जे बदलते आहे, ते एकाच जागी बांधू नये. मोठ्या कोडच्या मांडणीबद्दल याहून उपयोगी सूत्र मला माहीत नाही.

या कामाचे फळ पुढे दिसले. २०१३ च्या लिनक्स ३.९ मध्ये पॉल गॉर्टमेकर यांनी आयसा बसवरची कालबाह्य कार्डे सांभाळणारे कितीतरी ड्रायव्हर काढून टाकले. कुळे एकत्र बसली, की कोणते कूळ संपले हे दिसायला सोपे जाते. २०१५ च्या अखेरीस काल्ले वालो यांनी वायरलेस ड्रायव्हरांनाही उत्पादकागणिक घरे दिली. एकाने पाडलेली वाट दुसऱ्याच्या कामी आली.

मंडळी, आपल्यापैकी अनेकजण पुण्या-मुंबईत, नागपुरात, नाशकात आणि परदेशातही वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेला कोड सांभाळत आहेत. तिथे नवे काही बांधणाऱ्याला बढती मिळते आणि आवरणाऱ्याला ‘या तिमाहीत तुम्ही काय केले?’ असा प्रश्न येतो. ही मोजदाद चुकीची आहे, हे या व्यासपीठावरून मी स्पष्टपणे सांगतो. जो माणूस कोणाचेही काम न अडवता मांडणी बदलतो, त्याला संपूर्ण व्यवस्था कळलेली असते. हे काम नवशिक्यावर ढकलण्याचे नाही. ते जाणत्याने करावे आणि त्याचे श्रेय त्याच्या नावावर मांडावे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी ऑपरेटिंग सिस्टिम शिकवताना विद्यार्थ्यांना खऱ्या कर्नलमधला एक ड्रायव्हर आणि त्याचा गिटमधला इतिहास वाचायला लावावा. सगळा कोड खुला आहे, त्यासाठी पैसा लागत नाही. कंपन्यांत निर्णय घेणाऱ्यांनी फेरमांडणीला वेळ, परीक्षण आणि मान द्यावा. आणि तरुण मित्रांनो, तुम्ही आपला कोड आवरायला घ्याल तेव्हा आधी फक्त हलवा, मग सुधारा, आणि जुन्या पत्त्याची नोंद ठेवा. तुमच्यानंतर तो कोड वाचणारा माणूस तुम्हाला कधी भेटणार नाही, पण त्याचे काम चालू राहणे तुमच्या हातात आहे.