फुकट आणि निस्तार
(चंद्रपूर येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



धान घरात आले आहे आणि वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरू लागल्या आहेत. अशा दिवसांत ‘इंटरनेटवर थेट टीव्ही पाहण्याची मोफत सॉफ्टवेअर’ असल्या रुक्ष विषयाला तुम्ही आलात. जवळपास कुठे नाटक नसावे, असे मी धरून चालतो.

मध्यंतरी एटापल्लीकडे एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. त्याच्या वडिलांनी मोबाइल पुढे केला आणि विचारले, “मास्तर, याच्यावर टीव्ही फुकटच दिसते ना जी?” मी ‘हो’ म्हणून मोकळा झालो. परतीच्या बसमध्ये मात्र ते ‘हो’ मला बोचू लागले. फुकट या एका शब्दात मी चार वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या.

आपल्या जिल्ह्यांत याहून नेमका शब्द आहे: निस्तार. जळतणाचे लाकूड, घर शाकारायला बांबू, गुरांना चारा हे जंगलातून आणायचा गावाचा हक्क. मालगुजारी गेल्यावर तो निस्तार पत्रकात नोंदला गेला. निस्ताराचे लाकूडही पैशांवाचून येते आणि लग्नात कुणी वाटलेला लाडूही. पण लाडू वाटणाऱ्याच्या मर्जीवर असतो. टीव्हीच्या सॉफ्टवेअरची तुलना मी याच मापाने करणार आहे. वाहिन्या किती दिसतात, हे नंतर. यातले लाडू कोणते आणि निस्तार कोणता, हे आधी.

पहिला प्रकार मोबाइल कंपन्यांच्या ॲपचा. जिओटीव्ही हे त्याचे ठळक उदाहरण. वाहिन्या भरपूर, मराठीही आणि तेलुगूही, मांडणी सोपी. पण त्यासाठी त्या कंपनीचे ग्राहक असावे लागते. म्हणजे टीव्ही रिचार्जच्या पोटात आहे. रिचार्ज संपला की टीव्ही संपला.

दुसरा प्रकार जाहिरातींवर चालणाऱ्यांचा. एबीपी माझा, झी २४ तास यांसारख्या वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट दिसतात. वर्गणी नाही; मोल द्यायचे ते वेळेचे आणि आपल्या आवडीनिवडीच्या नोंदींचे. हे मोल किती सहज बदलते, ते क्रिकेटवाल्यांना विचारा. २०२३ साली आयपीएल जिओसिनेमावर मोफत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते ॲप हॉटस्टारमध्ये मिसळून जिओहॉटस्टार झाले आणि वर्गणीची भाषा सुरू झाली. लाडू वाटणाऱ्याने हात आखडला. तक्रार कुणाकडे करणार?

तिसरा प्रकार सरकारी प्रसारकाचा. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे ॲप आणले. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात, आकाशवाणी ऐकू येते. झगमगाट कमी आहे, पण त्यामागचा पैसा सार्वजनिक आहे, म्हणून ते मागण्याचा आपला अधिकार आहे. निस्ताराच्या हे बरेच जवळ येते.

आणि चौथा प्रकार, ज्याला मी खरा निस्तार म्हणतो: व्हीएलसी आणि कोडी ही व्हिडिओ चालवणारी सॉफ्टवेअर. व्हीएलसीची ती नारिंगी शंकूची खूण तुम्ही पाहिली असेल. त्याची कुळकथा आजच्या विषयाचीच आहे. १९९६ च्या सुमारास पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या पोरांना आपल्या परिसरात वेगवान नेटवर्क हवे होते. त्यासाठी कारण दाखवायला हवे होते. त्यांनी कल्पना काढली: प्रत्येक खोलीला उपग्रहाची वेगळी छत्री आणि वेगळा डबा कशाला? एकच छत्री लावू आणि तिचे चित्र नेटवर्कवरून सगळीकडे नेऊ. पाठवणारे एक सॉफ्टवेअर लिहिले, पाहणारे दुसरे. पाहणारे तेच व्हीएलसी. २००१ साली ते मुक्त परवान्याखाली खुले झाले. वापरा, आतले उघडून पाहा, बदला, शेजाऱ्याला द्या. परवान्याचा अर्थ एवढाच.

या हक्काची परीक्षा आपल्याच देशात झाली. २०२२ साली व्हीएलसीचे संकेतस्थळ भारतात बंद केले गेले. कायदेशीर नोटीस गेल्यावर नोव्हेंबरात ते पुन्हा उघडले. पण मधल्या काळात कुणाच्याही संगणकावरचे व्हीएलसी थांबले नाही. पेनड्राइव्हवरून एकाने दुसऱ्याला द्यायलाही आडकाठी नव्हती. वाटणाऱ्याचे दार बंद होते, तरी घरात आणलेले लाकूड घरातच होते.

कोडी हे त्याचे दणकट भावंड. २००२ साली एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी जन्मले, २०१४ मध्ये त्याला हे नाव मिळाले. जुन्या संगणकाला टीव्ही जोडून वाहिन्यांची यादी आणि कार्यक्रमपत्रिका दिवाणखान्यात हवी असेल तर कोडी. पटकन एक वाहिनी लावायची असेल तर व्हीएलसी. दोन्हींत एक गोष्ट मात्र नसते: वाहिन्या. ही रिकामी भांडी आहेत. तांदूळ तुम्ही आणायचा, म्हणजे प्रक्षेपणाचा पत्ता द्यायचा. पत्त्यांची यादी ‘एम३यू’ नावाच्या साध्या मजकुराच्या फायलीत असते. जे प्रक्षेपण वाहिनीने स्वतः खुले ठेवले आहे, तेच पाहावे. ‘सगळ्या पैशांच्या वाहिन्या फुकट’ म्हणणारी यादी म्हणजे चोरीचा माल. असेच आमिष दाखवणारी जी ॲप व्हॉट्सॲपवरून फिरतात, त्यांतली काही टीव्हीसाठी एसएमएस वाचायची परवानगी मागतात. एसएमएसमध्ये बँकेचा ओटीपी असतो. एवढे सांगितले तरी पुरे.

आता डेटाचे गणित. ठीकठाक चित्राला सेकंदाला १ मेगाबिट लागते, म्हणजे तासाला ४५० एमबी. दिवसाचा दीड जीबी ३ तास २० मिनिटांत संपतो. वीस षटकांचा सामना त्याहून थोडा लांबतो, म्हणजे डेटा संपणार नेमका शेवटच्या षटकांत! शिवाय थेट म्हणतात ते पूर्ण थेट नसते. चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात, जाळे मंदावले की पुढचा तुकडा हलक्या प्रतीचा येतो. म्हणून चित्र धूसर होते आणि मागेही पडते. शेजारच्या छत्रीवाल्या घरातून षटकाराचा ओरडा येतो, तेव्हा आपल्या मोबाइलवर गोलंदाज अजून धावतच असतो.

पूर्वी सॉपकास्टसारखी सॉफ्टवेअर होती. त्यांत पाहणारा प्रत्येक जण आलेला तुकडा पुढच्याला देई. युक्ती सामुदायिक होती. पण मोजून मिळणाऱ्या डेटात येणेही मोजले जाते आणि देणेही; आपल्याला ती परवडणारी नव्हे.

याहून मोठी अडचण मोबाइलच्या मनोऱ्याची. उपग्रहाचा एक संदेश लाख छत्र्यांवर पडला तरी पातळ होत नाही, पावसासारखा. इंटरनेटवर प्रत्येक पाहणाऱ्यासाठी वेगळी धार सोडावी लागते, आणि गावातला मनोरा म्हणजे एकच हापसा. जुलै २०२२ मध्ये केंद्राने मोबाइलविना राहिलेल्या २४,६८० गावांत फोर-जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले. मनोरे उभे राहत आहेत, हे चांगलेच. पण पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागड तुटते, तेव्हा त्या हापशावर आधी कुणाचा घडा लागावा? दवाखान्याचा आणि तहसीलचा, की मालिकेचा?

म्हणून माझा सल्ला साधा आहे. रोजच्या टीव्हीसाठी डीडी फ्री डिश: एकदा छत्री आणि डबा घ्या, महिन्याचे भाडे नाही आणि मनोऱ्यावर भार नाही. जे छत्रीवर मिळत नाही, त्यासाठी इंटरनेट. मुलचेऱ्याच्या बंगाली घराला छत्रीवर नसलेली बंगाली वाहिनी, सिरोंचाला तशीच तेलुगू. आणि चित्राची गरजच नसेल तर आकाशवाणी. ६४ किलोबिटच्या आवाजाला तासाला २९ एमबीच लागतात. संगणकावर व्हीएलसी ठेवाच. ते नेट नसतानाही पोरांना धड्यांचे व्हिडिओ दाखवेल.

एक शेवटचे. धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू आधीही तिथे होता आणि गावकरी तो वापरतही होते. पण तो विकायचा झाला, तर वाहतुकीचा परवाना दुसऱ्याच्या हातात होता. २०११ मध्ये परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि मग बांबू खऱ्या अर्थाने गावाचा झाला. सॉफ्टवेअर पारखतानाही मी हेच विचारतो: परवाना पुस्तक कुणाकडे आहे?

त्या वडिलांना आता मी निराळे उत्तर देईन. म्हणेन, “दिसते जी. पण काही देणाऱ्याची मर्जी असेपर्यंत, आणि काही आपल्या हक्काने. त्या हक्काचे व्हीएलसी पेनड्राइव्हवर आणले आहे. तुम्ही घ्या, आणि शेजारच्यालाही द्या.”