गरोदरपणातील तपासण्या : चाळणी आणि निदान



गरोदर स्त्रीने तपासण्या करून घ्याव्यात, असे सर्वत्र सांगितले जाते. परंतु तपासणीच्या निष्कर्षाचा अर्थ काय, हे तिला क्वचितच समजावले जाते. धान्य चाळताना चाळणीवर खडे उरतात, तसे काही टपोरे दाणेही उरतात. म्हणून ते सारे कोणी फेकून देत नाही. सुपात घेऊन निवडते. प्राथमिक तपासणी ही चाळणी होय. निदान ही पुढील पायरी होय. डाऊन सिंड्रोमची शक्यता ‘250 मध्ये 1’ असा अहवाल येताच घर हादरते. वस्तुतः तशा 250 स्त्रियांपैकी 249 जणींचे बाळ त्या विकारापासून मुक्त असते.

काही तपासण्यांबाबत फारसा विचार करण्याचे कारण नाही. कारण दोष आढळताच त्यावर उपाय आहे. शंभर मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन 11 ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय होय. 7 ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रुग्णालय गाठणे अगत्याचे. 75 ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी रक्तशर्करा 140 मिलिग्रॅम वा अधिक आढळल्यास आहार व औषधांनी ती आटोक्यात आणता येते. रक्तदाब, लघवीतील प्रथिने, रक्तगट, उपदंश आणि एच.आय.व्ही. यांच्या तपासण्याही याच गटातील. 2016 पासून दरमहा 9 तारखेला शासकीय आरोग्य संस्थांतून गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी केली जाते.

काही तपासण्या मात्र कुटुंबापुढे कठीण प्रश्न उभा करतात. नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांत आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक विकार याचे उदाहरण होय. सोल्युबिलिटी चाचणीतून दोष असल्याचे समजते. परंतु ती स्त्री केवळ वाहक आहे की रुग्ण, हे समजत नाही. त्यासाठी दुसरी चाचणी लागते. पत्नी वाहक आढळल्यास पतीचीही तपासणी अनिवार्य ठरते. येथेच पुष्कळदा माशी शिंकते. पती दवाखान्यात येत नाही आणि दोष एकट्या सुनेच्या माथी मारला जातो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात अपत्य रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. एक अपत्य रुग्ण झाले म्हणून पुढील तीन निरोगी होतील, हा समज चुकीचा आहे.

गर्भाचे निदान साधारण अकराव्या आठवड्यानंतर वारेच्या अंशावरून किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजलावरून होऊ शकते. त्यात गर्भपाताचा अल्पसा धोका असतो. म्हणून ते करावे की नाही, हा निर्णय त्या स्त्रीचा. 1994 च्या केंद्रीय कायद्यानुसारही तिची लेखी संमती आवश्यक आहे, तर गर्भलिंग सांगणे हा गुन्हा आहे. एखादे जोडपे निदान करून घेईल, दुसरे नाकारेल. दोघांचाही मान राखला पाहिजे. निदान नाकारले तरी जन्मानंतर बाळाची लगेच तपासणी करून वेळीच उपचार सुरू करता येतात.

हा विचार करण्यास अवधी हवा, यास्तव बारा आठवड्यांच्या आत नोंदणी व्हावी. पंचायत सदस्यांनी ती घडवून आणावी, शिक्षकांनी वाहक आणि रुग्ण यांतील भेद समजावून द्यावा, आणि अधिकाऱ्यांनी अहवालाचा कागद हाती ठेवण्यापूर्वी त्याचा अर्थ तिच्या बोलीत सांगितला जाईल, अशी व्यवस्था करावी. अर्थ कळलेली स्त्रीच खरा निर्णय घेऊ शकते.