वायर निवडताना धुराचाही विचार

घराच्या भिंतीतून जाणाऱ्या तांब्याच्या तारेवर बहुधा पीव्हीसीचं आवरण असतं. ते स्वस्त असतं आणि सहज पेटत नाही, कारण शुद्ध पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो. मग ते बदलायचं कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. पण आगीत सापडल्यावर हाच क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड वायूच्या रूपानं बाहेर पडतो, डोळे आणि श्वासनलिका होरपळवतो. सोबतचा काळा धूर बाहेर पडायची वाटच झाकून टाकतो. आगीत कित्येकांचा बळी ज्वाळांआधी धूरच घेतो. म्हणून रुग्णालयं, नाट्यगृहं, भुयारी मेट्रो इथे हॅलोजनविरहित, म्हणजे क्लोरीनसारखी मूलद्रव्यं नसलेली, कमी धुराचीच केबल हवी, असं माझं ठाम मत आहे. तिच्या आवरणात बहुधा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची भुकटी मिसळलेली असते. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तिच्यातून पाण्याची वाफ सुटते, आवरण थंड राहतं आणि आग मंदावते. ही केबल महाग पडते, शिवाय या भुकटीमुळे आवरणाचा चिवटपणा कमी होतो, हे आक्षेप खरे आहेत. दारं-खिडक्या हाताशी असलेल्या लहान घरात आयएसआय चिन्हाची, आगरोधक पीव्हीसी वायर चालू शकते. पण जिथे अंथरुणाला खिळलेले रुग्ण जिन्यानं खाली आणायचे असतात, तिथे वायरच्या किमतीतला फरक हे कारण मला पटत नाही.