धागा कुणाचा, हक्क कुणाचा?



पश्चिम आफ्रिकेत घाना आणि टोगो यांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंस एवे समाजाची वस्ती आहे. या समाजातील विणकरांची सुती महावस्त्रे युरोप-अमेरिकेतील संग्रहालयांत मानाने मांडलेली असतात. अरुंद मागावर जेमतेम चार-पाच बोटे रुंदीच्या लांब पट्ट्या विणावयाच्या आणि त्या कडेला कड लावून शिवून अंगभर पांघरण्याजोगे वस्त्र सिद्ध करावयाचे, अशी त्यांची रीत आहे. विणताना जादा बाणा घालून विणकर पट्टीवर आकृत्या उठवितो : पक्षी, मासा, मगर, हाताचा पंजा, किल्ली, माणूस. त्या केवळ शोभेसाठी नसतात. कित्येकींमागे एखादी म्हण किंवा उपदेश असतो आणि तो जाणणाऱ्यास हे वस्त्र वाचता येते.

संग्रहालयातील पाटीवर समाजाचे नाव असते. विणकराचे बहुधा नसते. परंतु विणकराचे नाव हरवण्याआधी त्याच्या धाग्यावरच घाला पडला होता.

एवे शेतकरी मका आणि याम यांच्या जोडीने कापूस लावीत. स्त्रिया टकळीवर सूत काढीत, पुरुष विणीत. पीक, सूत आणि कापड हे सारे घरच्या सत्तेत होते. १८८४ मध्ये टोगोवर जर्मनीचा अंमल बसला. जर्मन गिरण्यांना हवे होते ते वस्त्र नव्हे, तर कच्चा कापूस. त्यासाठी १९०१ च्या प्रारंभी अमेरिकेतील टस्कीगी संस्थेतून कृष्णवर्णीय कृषितज्ज्ञ टोगोत आणण्यात आले. वाहतुकीची जनावरे रोगाला बळी पडली, तेव्हा अवजड कामास माणसे जुंपण्यात आली. १९०४ मध्ये नोत्से येथे कापूसशाळा निघाली आणि १९०७ मध्ये लोमे ते पालिमे हा लोहमार्ग सुरू झाला. त्यास 'कोकोची रेल्वे' म्हणत. ज्यांच्या हाती कापसापासून कापडापर्यंतची विद्या होती, त्यांना कापूस पिकविण्याचे धडे देण्यात आले. हे अज्ञान नव्हते, साम्राज्यशाहीचे अर्थशास्त्र होते.

तरीही माग थांबले नाहीत. विणकरांनी गिरणीचे सूत स्वीकारले, पण त्यातून बोलले ते स्वतःच्याच भाषेत. अगोतिमे-क्पेतोए येथे आणि केटाच्या किनाऱ्यावर ही परंपरा टिकून आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने घानातील केंते विणकामाचा मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात समावेश केला. हा गौरव उचितच आहे. परंतु बाजारात त्याच नक्षीचे यंत्रावर छापलेले स्वस्त कापड विकले जाते आणि त्याचा नफा विणकराच्या घरी जात नाही. कलेचा गौरव आणि कारागिराची उपेक्षा या दोन गोष्टी शोषक व्यवस्थेत सुखाने शेजारी नांदतात. म्हणून समाजवाद्यांनी संग्रहालयाच्या भिंतीपुढे थांबू नये. नक्षीचा मोबदला आणि कष्टाचे दाम कुणाच्या हाती पडते, हे त्यांनी विचारले पाहिजे. आकृती जपावयाची असेल, तर ती विणणारा हात आधी जगला पाहिजे.